उजवीकडचा बाण

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. वर्कशॉपमध्ये, गल्लीत, सासुरवाडीला, एवढंच काय, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागला तरी आतून हाक यायची ती "पेंटर, या" अशीच. चौतीस वर्षं त्याने वन खात्याच्या पाट्या रंगवल्या. डोंगरावर, तळ्याकाठी, गुहेच्या तोंडाशी तपकिरी रंगावर पिवळ्या अक्षरांत ज्या पाट्या आपल्याला कुठे जायचं आणि काय करायचं नाही ते सांगत असतात, त्या याच्या हातच्या. 'धबधबा दीड किलोमीटर.' 'कड्यापासून दूर राहा.' 'येथे पोहू नये.' आणि या गृहस्थाने त्यातला एकही धबधबा पाहिलेला नव्हता. पाट्या ट्रकमधून डोंगराकडे जायच्या आणि पेंटर पाचच्या बसने घरी यायचा. वर्कशॉपला एक खिडकी होती, पण तिच्यातून समोरच्या टायरच्या गोदामाची भिंत दिसायची.

कामात त्याचा एक नियम होता. चिठ्ठीशिवाय ब्रश उचलायचा नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेबांनी तोंडी सांगितलेला मजकूर त्याने रंगवला, आणि पाटी तयार झाल्यावर साहेब म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. त्या दिवसापासून पेंटर शहाणा झाला. चिठ्ठी आली की ती दोनदा वाचायची, शर्टाच्या खिशात ठेवायची आणि मगच डब्याचं झाकण उघडायचं. घरीसुद्धा तेच. बायकोने स्वयंपाकघरातली मांडणी रंगवायला सांगितली तर म्हणायचा, "लिहून दे." थट्टा म्हणून नाही, अगदी गंभीरपणे. लग्नानंतर दोन महिने बायकोने भांडून पाहिलं. मग लिहून द्यायला लागली, आधी रागाने आणि पुढे सवयीने. 'मांडणी एक, पांढरी, रविवारपर्यंत.' खाली सही.

ही बायको म्हणजे मावशी. मोठ्या इस्पितळात चादरींचं कोठार तिच्या ताब्यात होतं. तिथे तिला लहानथोर सगळे मावशी म्हणत, आणि ते नाव तिच्या मागोमाग घरापर्यंत आलं. किती चादरी धुवायला गेल्या, किती अभ्रे कुठल्या मजल्यावर आहेत, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. एक टॉवेल कमी भरला तर ती तीन मजले पालथे घालायची, आणि टॉवेल सापडायचाच. अशा बाईपासून काही लपवून ठेवायची अवदसा पेंटरला तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात कधी आठवली नव्हती. ती आठवली निवृत्तीनंतर, आणि त्याला कारण झाला निरोप समारंभ.

समारंभ छान झाला. साहेब भरभरून बोलले. शेवटी म्हणाले की, चौतीस वर्षांत पेंटरची एकही पाटी परत आलेली नाही. हे खरं होतं. पेंटरच्या डोळ्यांत पाणी आलं, मावशीने पहिल्या रांगेतून मान ताठ करून इकडेतिकडे पाहिलं. मग दोघांनी उचलून आणावी लागली एवढी मोठी, काचेची फ्रेम आली. तिच्यात फोटो होता पेंटरच्याच पाटीचा, डोंगरावर तिच्या जागी उभी असतानाचा. खात्यातलं कुणीतरी मुद्दाम वर चढून काढून आणलेला. पाटीवर लिहिलं होतं 'दगडी कमान'. डोंगराच्या एका सोंडेला वाऱ्यापावसाने आरपार भोक पाडलं आहे आणि त्याची प्रचंड कमान झाली आहे, तिच्याकडे जाणाऱ्या वाटेची ही पाटी.

टाळ्या चालू होत्या. पेंटरने फोटो पाहिला. अक्षरं झकास होती. 'कमान'मधला 'क' तर असा उतरला होता की पुन्हा उतरणार नाही. मागे झाडी होती. झाडीच्या वर, डाव्या कोपऱ्यात, उन्हात चमकणारी ती दगडी कमान होती. आणि पाटीवरचा बाण उजवीकडे होता.

पेंटर पुन्हा एकदा रडला. लोकांना वाटलं, हळवा माणूस आहे.

कसं झालं ते त्याला लख्ख आठवलं. पाटी दोन्ही बाजूंनी वाचायची होती. अशा पाटीचं एक साधं गणित असतं: एका बाजूने वाचणाऱ्याला जी गोष्ट उजवीकडे, ती पाटीच्या मागे जाऊन उभं राहिलं की डावीकडे. म्हणून पाटी उलटली की बाणाचा पत्र्याचा साचाही उलटा करायचा. शिकाऊ पोरालाही हे कळतं. त्या दिवशीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बाण उजवीकडे. मागील बाजूस तेच.' पाटी उलटल्यावर मागचा तो 'क' एवढा सुरेख आला की पेंटर त्याच्याकडे बघत राहिला, बघताबघता साचा उलटा करायचं राहिलं आणि चिठ्ठीबरहुकूम मागेही तेच करून मोकळा झाला. चिठ्ठीवर ढकलायचं म्हटलं असतं तर ढकलता आलं असतं. पण चूक कुणाची हे पेंटरला ठाऊक होतं, आणि 'क'लाही.

मावशीने फोटो दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावला. आलेल्यागेलेल्याला ती तो दाखवायची आणि 'एकही पाटी परत आली नाही' हे साहेबांच्या थाटात म्हणून दाखवायची. पाहुणे वाहवा करायचे. बाण कुणाच्याच ध्यानात आला नाही. पेंटर आधी समोरच्या खुर्चीत बसायचा, तिथून बाण डोळ्यांत खुपायचा. मग तो सोफ्यावर, फोटोच्या बरोबर खाली बसायला लागला. तर समोरची माणसं त्याच्या डोक्याच्या वर बघत बोलायची, आणि याला घाम फुटायचा. वर्तमानपत्र उघडलं तरी त्याला दिसायचं ते एकच: कुणीतरी गुडघेदुखीवाला म्हातारा काठी टेकत त्या डोंगरावर चढला आहे, पाटी वाचतो आहे आणि मुकाट्याने उजवीकडे चालायला लागला आहे. तो म्हातारा पेंटरच्या मनात रोज थोडा पुढे जायचा.

कार्यालयाला कळवणं हा सरळ मार्ग होता. पण कळवलं की पाटी परत येणार. चौतीस वर्षांत परत आलेली पहिली पाटी. छे. त्यापेक्षा गुपचूप जायचं, दोन मिनिटांत बाण फिरवायचा आणि यायचं, असं त्याने ठरवलं. आणि एका सकाळी चहा पिताना तो मावशीला म्हणाला, "एखादी व्हॅन घेऊन डोंगरबिंगर बघून यावं म्हणतो."

मावशीने कप खाली ठेवला. हा माणूस तिच्या भावाकडे दोन दिवस राहायला जायचं म्हटलं तरी कपाळाला आठ्या घालायचा. डोंगरांचे, तळ्यांचे रंगीत फोटो मासिकांतून कापून तिने एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून ठेवले होते, ते लग्नाच्या तिसऱ्या वर्षापासून. कारण विचारावं असं तिला फार वाटलं, पण विचारलं आणि त्याने बेत फिरवला तर? ती उठून अभ्रा घेऊन आली.

व्हॅन मिळाली ती एका बेकरीची, पाव पोचवणारी. आत पावाचा वास असा मुरला होता की काही केल्या जाईना, आणि थोड्या दिवसांनी दोघांनाही तो आवडायला लागला. पेंटरने मावशीच्या चिठ्ठीनुसार बेकरीचं नाव खोडून गाडी दुधाळ रंगाची केली. पावांच्या ट्रेच्या जागी फळ्यांचा पलंग आला, एका कोपऱ्यात शेगडी आली. बाकीचं मावशीने भरलं. चादरी, बटाटे, औषधं, दोरी, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेची नोंद तिच्या डोक्यात. पेंटरने पिवळ्या रंगाचा डबा स्टेपनीच्या मागे सरकवला, तो मावशीच्या हाती लागायला पंधरा मिनिटंही गेली नाहीत.

हे काय म्हणून तिने विचारलं. पेंटर म्हणाला, वाटेत कुठे गंज दिसला तर असावा हाताशी. मावशीला हे पटलं. इतकं पटलं की पहिल्याच मुक्कामाला तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि चिठ्ठी लिहिली: 'पायरी एक, पिवळी.' आता चिठ्ठी आली म्हटल्यावर काय करणार? पेंटरने पायरी रंगवली. दुसऱ्या मुक्कामी स्टूल आलं, तिसऱ्या मुक्कामी मागच्या दाराची कडी आणि बिजागरी. मावशीला ती पिवळी नक्षी फार पसंत पडली. प्रत्येक मुक्कामाला पेंटर काडी बुडवून डब्यात रंग किती उरला ते बघायचा आणि सुस्कारा टाकायचा.

कमानीला आधी जाऊ, असं त्याने सुचवून पाहिलं होतं. पण मावशीने अभ्र्यातले फोटो पलंगावर मांडून क्रम लावला होता: आधी तळं, मग गुहा, मग गरम पाण्याचे झरे, आणि कमान सर्वांत शेवटी. सोफ्यावरच्या फोटोतली जागा आहे ती, असं आधीच उरकून कसं चालेल, असं तिचं म्हणणं.

तळं मोठं निळंशार होतं. मावशी काठावर जाऊन नुसती उभी राहिली. पेंटर तळ्याकडे पाठ करून पाटीपुढे उभा राहिला. आपली पाटी जागेवर उभी असलेली तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. 'येथे पोहू नये.' पाटीवर तीन टॉवेल आणि एक पोहण्याची चड्डी वाळत घातली होती. चड्डीवाला पाण्यात होता. पेंटरने त्याला हाक मारून पाटी दाखवली. तो आतूनच म्हणाला, हो हो, ती दिसली, कपडे टाकायला बरी आहे.

गुहेत 'आवाज करू नये' या पाटीखाली उभं राहून एक अख्खं कुटुंब आपापल्या नावाने ओरडून प्रतिध्वनी ऐकत होतं. झऱ्यांच्या वाटेवरच्या पाटीवर 'चालत दोन तास' असं होतं आणि दोघं चार तास चालले. हे दोन तास कोणत्या शहाण्याने लिहिले, असं मावशीने वर पोचल्यावर विचारलं. चिठ्ठीत होतं, असं पेंटर म्हणाला. पुढचे दोन दिवस काहीही बिनसलं, दूध नासलं, काडेपेटी भिजली, की मावशी म्हणायची, चिठ्ठीत असेल.

पेंटरच्या जिवाची मात्र विचित्र ओढाताण चालली होती. आपण घोटून घोटून काढलेली अक्षरं कुणी वाचतच नाही, हे बघून त्याचं काळीज तुटत होतं. आणि वाचत नाहीत तेच बरं, म्हणजे तो गुडघेदुखीवाला म्हाताराही वाचणार नाही, असा दिलासाही वाटत होता. हे दुःख आणि हा दिलासा एकमेकांना खोडत नव्हते. मावशी त्याला एवढा डोंगर, एवढं आभाळ दाखवायची आणि तो म्हणायचा, 'र'चा रंग उडालाय बघ.

कमानीच्या पायथ्याला एक चौकी होती आणि चौकीत एक बाई चहा पीत बसली होती. पेंटरने आडून आडून चौकशी केली की, वर लोक वाट वगैरे चुकतात का. बाई म्हणाली, चुकायला काय आहे, पाटी आहे की. पेंटरला जिन्याची पायरी चुकल्यासारखं झालं.

डब्यात आता दोन बोटं रंग उरला होता. तो त्याने मावशीची पाठ वळल्यावर थर्मासमध्ये ओतला, ब्रश मोज्यात खोचला. जुना बाण झाकायला तपकिरी रंगाची इवलीशी डबी पँटच्या खिशात होतीच. बेत सोपा होता. थोडं चढल्यावर गुडघा धरायचा, तू हो पुढे म्हणायचं. मावशी कमानीखाली पोचेपर्यंत पाटीचं काम उरकायचं. कमान डावीकडे आहे हे तर चालताना झाडांमधून दिसेलच, शिवाय लोक पाट्या वाचत नाहीत हे आता सिद्धच झालं होतं.

गुडघा धरणं चांगलं वठलं. मावशीने त्याला एका दगडावर बसवलं. वाटेला जिथे जिथे फाटा फुटेल तिथे एक पांढरा रुमाल बांधून ठेवते, त्या खुणेने सावकाश या, असं सांगून ती झपाझप चढून गेली. कोठारात दिवसभर शिडीवर चढउतार केलेले पाय होते ते. पेंटरने दहा मिनिटं काढली आणि तोही निघाला.

पाटी वळणावर उभी होती. फोटोत दिसायची त्याहून मोठी, उन्हाने किंचित फिकटलेली. 'क' तसाच होता. पेंटरने तिच्या कडेवरून हात फिरवला. मग थर्मास खाली ठेवला आणि मोज्यातून ब्रश काढला, तेवढ्यात त्याला रुमाल दिसला. चौकोनी घडी घालून, इस्पितळातली गाठ मारून, एका फांदीला नीट बांधलेला. उजवीकडच्या फांदीला.

गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली. थर्मास काखेत, ब्रश दातांत, असा पेंटर उजवीकडच्या वाटेने धावत सुटला. पुढे कडा आहे की दरी आहे, त्याला काही ठाऊक नव्हतं. 'कड्यापासून दूर राहा' ही पाटी त्याने इथल्यासाठी रंगवली होती, पण ती तर दुसऱ्या वाटेवर असणार. म्हातारा एकदाचा मनातून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी मावशी चालायला लागली. ब्रश हातात घेऊन तो "अगं! अगं!" म्हणून ओरडला. बत्तीस वर्षांत त्याने तिला दुसरी कुठली हाक मारली नव्हती, आणि डोंगरात ती हाक कुणालाही लागू पडण्यासारखी होती.

धावता धावता त्याच्या एक लक्षात आलं. वाट चांगली रुंद होती. मधोमध गवत उगवत नाही इतकी पायांनी मळलेली, चढावर दगडांना हात लावून लावून ते गुळगुळीत झालेले. ही वाट खात्याने पाडलेली नव्हती. खात्याने पाडलेल्या प्रत्येक वाटेला पाटी असते आणि प्रत्येक पाटी याची असते. ही वाट त्याच्या बाणाने पाडली होती. म्हणजे लोक वाचत होते. पेंटर धापा टाकत थांबला, आणि आनंद मानावा की शरमेने मरून जावं हे न कळून पुन्हा धावायला लागला.

वाट संपली ती एका सपाट, ऐसपैस खडकावर. तिथे पाचसहा माणसं बसली होती. कुणी अंडी सोलत होतं, कुणी आडवं झालं होतं. मावशी काठापासून चांगली लांब, बूट काढून, पाय पसरून बसली होती आणि शेजारच्या चष्मेवाल्याने दिलेलं सफरचंद खात होती. समोर दरी होती आणि दरीपलीकडे कमान. अख्खी. एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत, आणि तिच्या पोटातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. चष्मेवाला सांगत होता की तो आधी कमानीखाली जाऊन आला, तिथे डोक्यावर नुसता दगड दिसतो, कमान बघायची ती इथूनच.

पेंटर मावशीशेजारी मटकन बसला. आधी दम खाल्ला. मग म्हणाला, "अगं, बाण चुकलाय."

"हो ना," मावशी म्हणाली. "पाटीपाशी उभी होते तेव्हा झाडांतून डावीकडे दिसत होती की कमान."

"मग इकडे कशाला आलीस?"

मावशीला प्रश्नच कळला नाही. "पाटी तुमची होती ना," ती म्हणाली आणि सफरचंदाचा उरलेला अर्धा भाग त्याच्या हातात दिला.

आपण या बाईला फसवून इथवर आणलं आणि ही आपल्या डोळ्यांपेक्षा आपल्या बाणावर विश्वास ठेवून चालत गेली, याचं पेंटरला इतकं वाईट वाटलं आणि इतकं बरं वाटलं की त्याने सगळंच सांगून टाकलं. सोफ्यावरचा फोटो, तो म्हातारा, स्टेपनीमागचा डबा, व्हॅन का घेतली ते. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. फक्त थर्मासचा उल्लेख आला तेव्हा ती ताठ झाली.

"थर्मासमध्ये? आपल्या चहाच्या?"

त्यावरून मात्र पेंटरने पंधरा मिनिटं बोलणी खाल्ली. चष्मेवाला अंग चोरून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. व्हॅन का घेतली यावर ती एक शब्दही बोलली नाही. बोलून झाल्यावर तिने कमानीकडे पाहिलं आणि, तळं तर दिसलं ना मला, एवढंच म्हणाली. मग पेंटरनेही कमानीकडे पाहिलं. या सगळ्या प्रवासात तो पहिल्यांदाच पाटी नसलेल्या दिशेला बघत होता. तो खूप वेळ बघत बसला.

उतरताना दोघं पाटीपाशी थांबले. पेंटरने थर्मास हलवून पाहिला, ब्रशचे केस बोटांनी सारखे केले, आणि तसाच उभा राहिला. मावशी दोन मिनिटं वाट बघून म्हणाली, आता काय राहिलं? तो म्हणाला, "चिठ्ठी नाही."

मावशीने एक मोठा श्वास घेतला. अभ्र्यातल्या फोटोंची यादी तिच्या पिशवीत होती, ती काढून उलटी केली. पाटीच्याच खांबावर कागद टेकवून लिहिलं, खाली इस्पितळातली सही केली, तारीख घातली आणि कागद त्याच्या पुढे धरला. पेंटरने वाचलं. 'बाण एक, डावीकडे, पिवळा. जुना बाण खोडू नये.'

त्याने ते पुन्हा एकदा वाचलं. चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली, वरून हाताने दाबून पाहिली, आणि मग थर्मासचं झाकण उघडलं.